एका बाजूचा होकार

नदी दोन्ही देशांतून वाहत होती, म्हणून तिच्यातले मासे का मरताहेत याचा शोध दोन्ही देशांनी मिळून निधी देऊन घ्यावा, असा तो अर्ज होता. तो करणारे दोघं: इकडून भाऊ, तिकडून लग्न होऊन तिकडे गेलेली त्याची ताई. दोघंही माशांचेच अभ्यासक. सरकारांचं बिनसल्यापासून ताईला माहेरी यायला व्हिसा मिळत नव्हता. अर्ज दोन्हीकडून मंजूर झाला, तर मात्र या कामासाठी मिळणार होता. दोघांनी जिवाचं रान केलं. अंथरुणाला खिळलेल्या आईनं ताईच्या गादीला ऊन दाखवून घेतलं.

इकडच्या समितीनं होकार दिला. मग ताईचा फोन आला.

"आमची समिती नाही म्हणाली रे. काम उत्तम आहे, पण तुमच्या देशाबरोबर नको म्हणे."

"पुढच्या वर्षी परत करू."

"आई थांबेल का तोवर?"



घरी येऊन भाऊ आईला म्हणाला, "ताईचं येणं जरा लांबलंय."

"नाही येत म्हण की सरळ," आई म्हणाली. "एवढा शिकलास, पण धड खोटं बोलायला नाही शिकलास." तो हसला आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं.

पुढच्या वर्षी दोन्हीकडून होकार आला. ताई आली, तेव्हा आई नव्हती. भाऊनं गाडी घराकडे वळवली, तसा तिनं त्याचा हात धरला.

"आधी नदीवर जाऊ," ती म्हणाली. "पाण्याचे नमुने घेऊ. घरी मग जाऊ."