निळ्या चौकटी

"फाइल सापडत नाही," स्क्रीनवर पाटी आली. मी दुसरी चौकट दाबली. पुन्हा तीच पाटी. तिसरीवर तेच, चौथीवर तेच.

"अहो, दुकानात सगळं चालत होतं हो! शपथेवर सांगते."

"चालत असेल," हे पलंगावरून म्हणाले. "घरी आणल्यावर काय केलंस?"

"काही नाही. जरा आवरलं फक्त."

हे लिफ्टचे मेकॅनिक. कंपनीतली सगळी पोरं यांना उस्ताद म्हणतात. शिडीवरून पडले आणि मानेला मार बसला. जीभ शाबूत राहिली, डोकं शाबूत राहिलं आणि उजव्या हाताचा अंगठा राहिला. वर गोळी असलेला एक माउस मिळतो, तो ते अंगठ्याने फिरवतात आणि बटण दाबतात. बाकी सगळा कारभार माझ्याकडे.

अडलेले मेकॅनिक अजूनही यांनाच फोन करतात. फोन आपोआप उचलला जातो, आवाज खोलीभर घुमतो. हे म्हणतात, "थांब, बघून सांगतो," आणि मला हाक मारतात. मग मी ओल्या हातांनी धावत येते. बिघाडांच्या कोडची एक पीडीएफ, वायरिंगच्या ड्रॉइंगची दुसरी, दारांची तिसरी, सुट्या भागांची आणखी वेगळी. ही बंद कर, ती उघड, खाली जा, नाही गं, वर! तेवढ्यात तिकडे माझ्या चहावर साय धरते. गरम चहा कसा लागतो हे मी विसरूनच गेले होते.

अशात कंपनीला फोनवर सल्ला देणारा माणूस हवा होता. साहेब स्वतः घरी आले. माणूस सज्जन, पण स्पष्ट बोलणारा.

"उस्तादांइतकं कळणारा दुसरा नाही, वहिनी. पण पानं तुम्ही शोधून देणार असाल, तर तुम्ही कामावर गेलात की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने काय करायचं? शनिवारी सकाळी येतो. यांनी एकट्याने करून दाखवावं."

ते गेल्यावर हे "बरोबर बोलला तो," एवढंच म्हणाले. भांडले असते तर चाललं असतं. यांचं असं मान्य करणं मात्र मला सहन झालं नाही.

मी झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. तिथल्या मालकीणबाईंनी युक्ती दाखवली. पीडीएफमधल्या शब्दाभोवती चौकट काढायची आणि ती दाबल्यावर कुठली दुसरी पीडीएफ, कुठल्या पानावर उघडायची ते सांगून ठेवायचं. रोज जेवणाच्या सुट्टीत मी निळ्या चौकटी काढत बसले. कोडवरून ड्रॉइंगवर, ड्रॉइंगवरून सुट्या भागावर. घरी यांचा हुकूम सुटला, "प्रत्येक पानावर मागे जायची चौकट पाहिजे. वर गेलेली लिफ्ट खाली यायला नको?" यांचं काय जातंय सांगायला! दातओठ खात तेही केलं.

शुक्रवारी पेन ड्राइव्ह घरी आणला आणि आवरायला घेतलं. कंपनीने फाइलींना आकड्या-अक्षरांची अगम्य नावं ठेवलेली. ती काढून मी 'दरवाजे', 'मोटर', 'वायरिंग' अशी छान नावं दिली. एकेकीला स्वतंत्र फोल्डर दिलं. स्वयंपाकघरातले डबे लावते तशी सगळी मांडामांड केली.

मी काय आवरलं ते ऐकून हे इतके हसले की ठसका लागला. "अगं, तू मजल्यांचे नंबर बदललेस! चौकट बिचारी जुन्याच नंबरावर जाऊन दार ठोठावतेय."

"हसताय काय? सकाळी साहेब येणार आहेत."

"दुकानात मूळ फोल्डर आहे ना? जसंच्या तसं उचलून आण. आणि कृपा कर, आवरू नकोस."

सकाळी मालकीणबाईंनी माझ्यासाठी शटर लवकर उघडलं. धापा टाकत घरी पोचले तर साहेब येऊन बसलेले. फोल्डर संगणकावर उतरवलं. एक तरी चौकट दाबून बघावी म्हटलं, तोच कंपनीतल्या एका पोराचा फोन आला.

"उस्ताद, लंबू बोलतोय! दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकलीय. आत एक आजी आहेत, रडतायत. दारं सगळी बंद दिसतायत, तरी हलत नाही!"

मी सवयीने पुढे झाले. साहेबांनी हात आडवा केला. "वहिनी, तुम्ही स्वयंपाकघरात."

गेले. पण कान बाहेरच. चौकटी माझ्याच, त्यामुळे न बघताही सगळं कळत होतं.

"आधी आजींना सांग, माणसं आलीत, घाबरू नका. आता कोड वाच."

टिक. कोडची यादी. टिक. दारांचं ड्रॉइंग. मग काहीच नाही. आली की काय ती मेली पाटी? ओट्याची कड मी घट्ट धरून ठेवली.

टिक. मागे जायची चौकट! हे चुकीच्या पानावर गेले होते आणि आपले आपण परत फिरले होते. लगेच पुढची टिक.

"लंबू, मीटर घे. दारांच्या ओळीत सात नंबरवर वीज येते? आठवर? नाही ना? मग त्या दोहोंमधलं, चौथ्या मजल्याचं दार पूर्ण लागलेलं नाही. मेन स्विच बंद कर आणि त्या दाराच्या खालच्या खाचेत बघ."

थोडा वेळ नुसती खरखर. मग लंबू ओरडलाच. "खडा आहे, उस्ताद! एवढासा खडा!"

"काढ. दार लावून बघ. हं, आता स्विच चालू कर."

फोनमधून माणसांचा गलका आला. "आल्या! आजी आल्या बाहेर!"

"सोमवारपासून कामावर, उस्ताद," साहेब म्हणाले.

"अगं ए, ऐकलंस का?" हे केवढ्याने ओरडले! "ह्या चौकटी कुणी केल्या, विचारतायत साहेब!"

जिंकलो होतो आम्ही! ओट्यापाशी मी चक्क एक गिरकी घेतली. कोण बघतंय!

साहेबांना चहा दिला, यांना नळीने पाजला. साहेब गेल्यावर स्वतःचा कप घेऊन स्वयंपाकघरात टेकले, तर पुन्हा फोन.

"थांब, बघून सांगतो," हे म्हणाले.

कप खाली ठेवून मी उठलेच. हाक आली नाही. बाहेर टिक वाजली. मग आणखी एक.

मी परत बसले आणि कप उचलला. पहिल्याच घोटाला जीभ भाजली.