एलोइसाच्या वाट्याची भिंत

आमच्या गावच्या, आता दूर राहणाऱ्या एलोइसाचं पत्र आलं तेव्हा सांता फे शहराच्या गल्ल्यांत बर्फ होतं. मे महिना उजाडला तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र अगदी सरळ होतं. 'मेलितोन, जूनमध्ये आठवडाभर यावं म्हणते. आईला पुरलं त्यानंतर आलेच नाही. आता तिथे माझं कोणी उरलं नाही, तेव्हा परक्या प्रवाशासारखीच येणार. काय पाहू, कुठे जेवू, आसपास कुठे जाऊ, ते तू सांग. जन्मभर ग्रंथालयात बसलास, तुलाच ठाऊक. मे संपेपर्यंत तुझं काही आलं नाही, तर मुलीबरोबर समुद्रावर जाईन.'

तिने यावं असं मला फार वाटत होतं. म्हणूनच उत्तर जमत नव्हतं. चौकातला जुना राजवाडा सकाळी पाहावा, असं लिहिलं. मग तो कधी बांधला हे सांगायला हवं वाटलं, तर दोन पुस्तकांत दोन सालं निघाली. ते खोडलं. राजवाड्याच्या ओसरीत पुएब्लो या इथल्या मूळ जमातींच्या बायका चांदीचे दागिने मांडून बसतात, तिथे भाव पाडून मागू नये, असं लिहिलं. पण एलोइसाने कधी भाव पाडला होता? तेही खोडलं. शहराबाहेरच्या कड्यातल्या गुहांत शिडीवरून चढावं, मात्र आपल्या वयाला जपून, हे वाक्य वाचल्यावर तर कागदच फाडला. बाईला वयाची आठवण कोण करून देतं?

शनिवारी शेजारच्या कासिमिरोने त्याच्या खटारा पिकअपचा भोंगा वाजवला. आमच्या मूळ गावी, डोंगरातल्या एल साउसला, मातीचं चर्च लिंपायचा दिवस होता. संत इसिद्रोच्या सणाआधी दरवर्षी लिंपतात. मी नव्याने सुरू केलेल्या पत्राच्या कागदाची घडी खिशात घालून निघालो.

वाटेत त्याने विचारलं, "प्रीमो, भावा, खिसा का दाबून धरलायस? हृदय बाहेर पडतंय का?"

मी कागद दाखवला. एका हाताने गाडी चालवत त्याने मोठ्याने वाचलं, "'हे शहर फार उंचावर आहे, पहिल्या दिवशी सावकाश चालावं आणि भरपूर पाणी प्यावं.' अरे, एलोइसाला? तिच्या आज्याने गावची विहीर खणली, आणि तू तिला पाणी प्यायला शिकवतोस!"

"विसरली असेल तर?"

"पाणी?"

मी कागद हिसकावून पुन्हा खिशात घातला.

एल साउसला पुरुषांनी खड्ड्यात माती आणि गव्हाचा पेंढा टाकून चिखल तुडवायला घेतला होता. आमच्याकडे चिखल पुरुषांनी करायचा आणि लिंपायचं बायकांनी, उघड्या तळहातांनी. मी पँट दुमडून खड्ड्यात उतरलो. गुडघाभर गार चिखलात माझ्या सगळ्या शंका थोडा वेळ गप्प बसतात.

दुपारी सगळे भिंतीच्या सावलीत जेवायला बसले. बीन्स, भाकऱ्या आणि मिरचीचा रस्सा होता. लिंपणाच्या मुख्य दोन्या बेनिग्ना, म्हणजे बेनिग्नाबाई, वय नव्वदीकडे झुकलेलं. पातेल्यावर डाव धरून त्यांनी विचारलं, "लाल की हिरवा?"

मी विचारात पडलो.

"याला दोन्ही वाढा," कासिमिरो म्हणाला. "नाहीतर संध्याकाळ होईल. बिचारी एलोइसा हिवाळ्यापासून थांबलीय याच्या पत्रासाठी!"

झालं, बायकांनी कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. 'पाणी प्यावं' आलं तशी एकीला ठसका लागला. मी मान खाली घालून म्हणालो, "हसा, पण तिला काय लिहू? तिचं इथे कोणी नाही म्हणते."

दोन्या बेनिग्नांचं हसू थांबलं. "असं म्हणते?"

"हो. परक्या प्रवाशासारखी येणार आहे."

त्या काठी टेकत उठल्या आणि मला चर्चच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. सगळी भिंत ओल्या, गडद लिंपणाने चमकत होती. खिडकीजवळचा एक तुकडा मात्र अजून कोरडा, भेगाळलेला होता.

"हा तिच्या आजीचा वाटा. मग तिच्या आईचा," त्या म्हणाल्या. "आई गेल्यापासून मीच लिंपते. मगाशी तोच करायला निघाले होते."

"मी करू का?" मी चिखलाच्या घमेल्यात हात घातला.

"काढ हात!" त्या कडाडल्या. "पुरुष लिंपणार? संत इसिद्रो वेदीवरून उतरून पळून जाईल!"

मी हात मागे लपवला.

"या वर्षी मीही लिंपणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणीच नाही. हे लिही तिला. तुझी भिंत कोरडी राहिलीय, म्हणावं. जुलैत ढग फुटायच्या आत ये. नाही आली तर भिंत ओघळेल, आणि पाप लागेल या मेलितोनला."

"मला का?"

"पोस्टाला उशीर कुणी केला?"

बायका पुन्हा हसल्या. या वेळी मीही हसलो.

तिथेच खिडकीच्या कठड्यावर कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहून टाकलं: 'एलोइसा, चौक, राजवाडा, गुहा, सगळं इथेच आहे, पळून जात नाही. आधी एल साउसला ये. चर्चच्या मागे खिडकीजवळ तुझ्या आईचा तुकडा तुझ्यासाठी ठेवलाय. दोन्या बेनिग्ना कुणाला हात लावू देत नाहीत. पावसाआधी पोच. जुने कपडे आण, अंगठ्या घरी ठेव. चिखल मी तुडवीन. या कामातलं एवढंच मला नक्की येतं.' कागदावर माझा मातकट अंगठा उमटला. दुसरा कागद घ्यावा असं मनात आलं, पण दोन्या बेनिग्ना पाहत होत्या.

कासिमिरोने परतीच्या वाटेवर टपाल कचेरीपाशी गाडी थांबवली. तिकीट लावून मी पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून उभा राहिलो.

"आता काय?"

"'पाणी प्यावं' मागच्या बाजूला तसंच राहिलंय."

"राहू दे. तेवढंच हसेल. ढकल आत!"

मी ढकललं. आत पाकीट पडल्याचा आवाज आला.