दहावा पट्टा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, काळा पट्टा म्हणजे केवढा मान! खरे आहे. पण तो मान माझ्या वाट्याला फार उशिरा आला, आणि ज्या कमरेसाठी मला आणले होते तिच्यावर मी कधी चढलोच नाही. मी एक जुना पट्टा आहे. स्वतःचीच फुशारकी सांगणारे पट्टे तुम्हाला खूप भेटतील. मी माझी चुटपुट सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून कामगारांनी लांबीभर शिलाया मारल्या, तेव्हा कुठे अंगात ताठा आला. आम्ही दहा भाऊ एकाच खोक्यातून तायक्वांदोच्या क्लासात पोहोचलो. दुकानांच्या वरचा लांबट हॉल, खाली निळ्या-लाल गाद्या, एका भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात लाथा झेलायच्या, घामाने आंबलेल्या पॅडांचा ढीग. जागा काही राजवाडा नव्हती, पण मला आवडली.

क्लास सरांचा. नावनोंदणी, फोन आणि सरांचा विसरभोळेपणा सांभाळायचे काम त्यांच्या बायकोचे, म्हणजे मॅडमचे. दर तीन-चार वर्षांनी सर कोरियाहून आपल्या मास्तरांना बोलावत आणि दोन दिवसांचे सेमिनार भरवत. काळ्या पट्ट्याची परीक्षा त्या सेमिनारातच व्हायची. पट्टा मास्तरांनी स्वतःच्या हाताने बांधायचा. सरांना तेव्हा तो अधिकार नव्हता.

आम्हा दहा जणांवर दहा नावे भरायची होती. ते काम नेहमी टेलरताईचे. खालच्या गल्लीत तिचे शिवणाचे दुकान होते. अकरा वर्षांपूर्वी ती गणवेशांची मापे घ्यायला म्हणून वर आली आणि गादीवर उभी राहिली, ती कायमचीच. माझ्या नऊ भावांवर तिने सोनेरी धाग्याने नावे भरली. मला मात्र सरांनी हळूच बाजूला काढले आणि दुसऱ्या कारागिराकडे नेले. कारण माझ्यावर टेलरताईचेच नाव भरायचे होते.

"तिचा पट्टा तिच्याकडेच भरायला कसा द्यायचा?" सर मॅडमना म्हणाले. "मास्तर बांधतील तेव्हाच कळू दे."

हे ऐकून मी इतका फुगलो, की खोक्यात भावांना जागा पुरेना.

आता पॅड धरण्याविषयी थोडे सांगतो, कारण सगळे घोडे तिथेच पेंड खाते. तुम्हाला वाटेल, त्यात काय, हातात धरून उभे राहायचे. तसे नाही. फार घट्ट धरले तर मारणाऱ्याचा पाय मुरगळतो आणि सैल धरले तर धरणाऱ्याची बोटे. लाथ येते त्या क्षणी कणभर पुढे यावे लागते. टेलरताईला हे जमायचे. तिच्या हातातल्या पॅडवर कच्च्या पोराची लाथसुद्धा सणसणीत वाजायची. साहजिकच, पॅड म्हटले की ताई, असा शिरस्ताच पडून गेला.

सेमिनारचा दुसरा दिवस उजाडला. त्यासाठी घेतलेला हॉल भाड्याचा, मोठा. मास्तरांसमोरच्या टेबलावर आम्ही दहा जण ओळीने पडलो होतो, आणि समोर दहा परीक्षार्थी. रांगेत जो सर्वांत जुना, त्याचा नंबर पहिला असतो. म्हणजे पहिली टेलरताई. ती पुढे यायला निघणार, एवढ्यात सर तिच्याजवळ गेले.

"ताई, तुमचं शेवटी घेऊ या का? तोवर पॅड धरा. तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमतच नाही हो."

"बरं, सर," ती म्हणाली.

मित्रांनो, मला त्या वेळी आनंद झाला. माझ्या होणाऱ्या मालकिणीचे एवढे कौतुक! त्या कौतुकानेच तिचा घात केला, हे कळायला मला दुपार जावी लागली.

एकेक जण येत गेला. ताई पॅड धरत होती, लाथा वाजत होत्या, मास्तर मान डोलावत होते. टेबलावरून माझा एकेक भाऊ उठून जात होता. नववा गेला. आता आपलीच पाळी म्हणून मी श्वास रोखला. तेवढ्यात हॉलचा रखवालदार दारातून ओरडला, "साहेब, सहाला दुसऱ्यांची सभा आहे. खुर्च्या लावायच्यात!"

झाले. एकच गडबड उडाली. खुर्च्या फरफटू लागल्या. मास्तरांना विमान गाठायचे होते. नऊ जण नवे पट्टे कुरवाळत सरांभोवती गोळा झाले. सर आनंदाने इतके हुरळून गेले होते, की त्यांना कशाचेच भान उरले नव्हते.

"ताई, ते पॅड ठेवा खाली," सर हसत म्हणाले, "आणि आमचा एक फोटो काढा बघू!"

नाव पुकारल्याशिवाय पुढे यायचे नाही, असा त्यांच्यातला नियम. अकरा वर्षे पाळलेला नियम तिने तेव्हाही पाळला. तिने फोटो काढला. एकाचे डोळे मिटले होते, म्हणून आणखी एक काढला. मग मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि ती जिना उतरून गेली. मला तोंड असते तर मी बोंब मारली असती.

टेबल आवरताना मॅडमच्या हाती मी लागलो. त्यांनी माझ्यावरचे नाव वाचले.

"अहो," त्या एवढेच म्हणाल्या, आणि मला सरांपुढे धरले. मास्तरांची गाडी तेव्हा निघून गेली होती. सर मटकन खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी सर तिच्या दुकानात गेले. आल्यावर मॅडमना सांगत होते, "ती म्हणाली, 'असू द्या सर, गडबडीत होतं असं.' भांडली असती तर बरं झालं असतं गं." ताई महिनाभर आली. मग आठवड्यातून एकदा येऊ लागली, आणि मग यायची थांबली. मास्तरांना पुढे डॉक्टरांनी प्रवास बंद केला. मी कपाटाच्या खणात सहा वर्षे काढली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी.

सहा वर्षांनी मास्तरांचे पत्र आले. पट्टे बांधायचा अधिकार आता सरांना मिळाला होता. त्याच संध्याकाळी सर मला घेऊन तिच्या दुकानात गेले. ती मशीनवर बसली होती, एक पाय लांब सोडून.

"ताई, परीक्षा द्या. उद्याच घेतो. पॅड मी धरतो."

"गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सर. आता तो वाकत नाही."

"मग तशाच उभ्या राहा. बांधतो मी."

"परीक्षा न देता?" ती हसली. "मग त्या नऊ जणांनी कशाला घाम गाळला?"

तिने मला हातात घेतले, उलटेपालटे केले आणि कारागिराच्या नजरेने टाके तपासले. "काम छान आहे. पण चांगला पट्टा आहे, वाया कशाला घालवायचा? नाव उसवून देते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

सर 'नको' म्हणाले, पण इतक्या हळू, की मलाच ऐकू आले. तिने चष्मा लावला आणि बारीक कात्रीने स्वतःचे नाव उसवायला घेतले. सोनेरी धागे तिच्या मांडीवर पडत होते. सर माझे दुसरे टोक धरून उभे होते, पॅड धरावे तसे दोन्ही हातांनी.

"कुणाला देणार?" तिने मान वर न करता विचारले.

"आता जो पॅड धरतो त्याला."

"मग त्याची परीक्षा पहिली घ्या, सर."

मित्रांनो, आज माझ्यावर दुसऱ्याचे नाव आहे. मुलगा गुणी आहे, मला जपतो, माझी त्याच्याविषयी काही तक्रार नाही. पण सुईची भोके बुजत नाहीत. कधी मला हातात घेतलेत, तर उजेडासमोर धरा. त्याच्या नावाखाली तिचे नाव अजून वाचता येते. एकदा मोठ्याने वाचा. त्या दिवशी ते कुणी पुकारलेच नव्हते.