श्री. भुजंगराव (सुपारी)

आमचं आडनाव उढाण. कुंभार पिंपळगावात उढाणांची घरं बरीच आहेत, पण त्यांतला खरोखर उडालेला माणूस एकच. माझे आजोबा भुजंगराव, हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, वय एकोणसत्तर. आडनावाचा आणि नोकरीचा काही संबंध नाही, हे त्यांना भरतीच्या मुलाखतीत तीन वेळा सांगावं लागलं होतं. चौथ्या वेळी त्यांनी नाद सोडला आणि त्यांची निवड झाली.

आबांचा एक निळा कोट आहे. तो वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला, बाहेर निघतो. छातीवर पदकांची रांग, आणि रांगेत तिसऱ्या जागी बोटभर मोकळी जागा. मी पहिलीत होते तेव्हापासून ती तशीच आहे. कुणी विचारलं, "आबा, इथलं कुठंय?" की आबा म्हणायचे, "येऊन राह्यलंय." मी पहिलीतून एम.एस्सी.पर्यंत पोचले, ते येऊनच राह्यलं होतं.

गेल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला शाळेतल्या एका चिमुरडीनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आबा, तुमचं बटण तुटलं का?" आबा घरी आले, कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "शीतल, अर्ज लिही."

मी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीच्या शेंगा मोजते. मोजायच्या, लिहायच्या, साहेबांना संशय आला की पुन्हा मोजायच्या. त्यामुळे शनिवारी घरी आले की घरातला प्रत्येक कागद माझ्या पुढ्यात येतो.

प्रकरण असं होतं. १९८८ साली आबा उत्तरेला, बर्फात, हेलिकॉप्टर चालवत होते. वीस हजार फुटांवरच्या चौक्यांना रॉकेल पोचवायचं, येताना आजारी जवान खाली आणायचा. "तिथं माणूस आधी रॉकेलवर जगतो, जेवणाचं मंग बघतो," असं आबा सांगतात. त्या बर्फावर ठराविक उड्डाणं झाली की एक पदक मिळतं. दिल्लीच्या ऑफिसच्या मोजणीत आबांची नऊ उड्डाणं कमी भरत होती. आबांच्या उड्डाणवहीत मात्र त्या फेब्रुवारीतल्या बारा दिवसांतच एकतीस उड्डाणं लिहिलेली होती. प्रत्येकापुढे निघायची वेळ, उतरायची वेळ आणि महिन्याखाली वरिष्ठांची सही. मी सगळ्या पानांच्या प्रती पाठवल्या.

तीन महिन्यांनी हिंदीत उत्तर आलं. मी ते अंगणात मोठ्यानं, मराठी करून वाचलं. अर्जदाराची उड्डाणवही खरी आहे. परंतु आमच्या रजिस्टरप्रमाणे त्याच बारा दिवसांत अर्जदार वास्तुशांतीसाठी स्वतःच्या घरी रजेवर होते. आमचं रजिस्टरही खरं आहे. एकच अधिकारी एकाच वेळी हवेत आणि रजेवर असू शकत नाही. तरी या दोनपैकी कोणत्या ठिकाणी आपण नव्हतो, हे अर्जदारांनी सिद्ध करावं.

आजी ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. आजीचं नाव पुष्पाबाई, आणि तिचं सूप सहसा थांबत नाही.

"घरी व्हते म्हणं?" ती म्हणाली. "कोणाच्या?"

"अगं, रजा मंजूर झाल्ती," आबा म्हणाले. "बॅग भरून तयार होतो. त्याच सकाळी आठ दिवसांनी आभाळ उघडलं. वर दोन चौक्यांवरलं रॉकेल संपून गेल्तं. मी साहेबाला म्हणलं, रजा ऱ्हाऊ द्या. झालं, गेलो."

"मंग रजा रद्द झाल्याचं कुणी लिवलं न्हाई?"

"त्या घाईत कोण लिवतंय?"

"एकतीस येळा उडायला टाईम व्हता," आजी म्हणाली, "आन् एक ओळ लिवायला न्हवता."

आबांनी सुपातली ज्वारी निवडायला घेतली.

आजीचा आबांवर काडीचाही संशय नव्हता. पण मौका होता, आणि आजी मौका वाया घालवत नाही. आल्यागेल्याला ती गंभीर चेहऱ्यानं सांगायला लागली, "आमचे साहेब बारा दिवस घरी व्हते म्हणं. कोणतं घर, ते दिल्लीलाबी ठावं न्हाई." आठवडी बाजारापर्यंत बातमी पोचली. आबा वांगी निवडत असताना मागून आवाज आला, "आबा, दुसरा बंगला कुठंशी बांधलाय? वास्तुशांतीला बोलवलं न्हाई!" वांगंवाल्यानं दोन वांगी जास्त टाकली. म्हणाला, "दोन घरं हैत, पुरायची न्हाईत."

आबा बाजारात जायचे बंद झाले. वीस हजार फुटांवरच्या वाऱ्याला न डगमगलेला माणूस वांग्यांना घाबरला. एका शनिवारी मी कागद आवरत होते, तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोरी, मेडल न्हाई आलं तरी चालंल. पण ती रजा खोडली पाहिजे. माणसं वर वाट बघून राह्यली होती आन् मी घरी बसलो होतो, असं सरकारी कागदावर ऱ्हायलं तर मी मेल्यावरबी तिथंच ऱ्हाईल."

आजी आत होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक कुंकवाचा करंडा होता. त्यातून तिनं एक सुपारी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. काळी, गुळगुळीत, हात लागून लागून चकाकलेली.

"हे बघ," ती म्हणाली. "तुझे आबा."

आमच्याकडे पूजेला जोडीनं बसावं लागतं. जोडीदार हजर नसला तर त्याच्या जागी सुपारी मांडतात, आणि पूजा लागू होते. या घराच्या वास्तुशांतीला मुहूर्त ठरलेला, पाहुणे आलेले, गुरुजी बसलेले, आणि आबांची तार, 'येऊ शकत नाही'. मग शेजारच्या पाटावर आजीनं सुपारी मांडली. बाकी लोकांच्या सुपाऱ्या पूजेनंतर कुठंतरी जातात. आजीनं आपली सदतीस वर्षं जपली होती.

"आन् फोटूबी हाय," आजी म्हणाली.

गावात तेव्हा कॅमेरा एकट्या राजानंद सरांकडे होता. सर मराठीचे शिक्षक, त्यामुळे ते फोटोमागे सगळं नीट लिहायचे. फोटोत दोन पाट आहेत. एका पाटावर पंचवीस वर्षांची आजी, नऊवारी, नजर सरळ कॅमेऱ्यात. दुसऱ्या पाटावर मधोमध एक ठिपका. मागे सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'डावीकडून: सौ. पुष्पाबाई, श्री. भुजंगराव (सुपारी), राधेश्याम गुरुजी. १४ फेब्रुवारी १९८८.'

आबांनी हा फोटो कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले.

राधेश्याम गुरुजी आता पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांना घेऊन मी वसंता वकिलांकडे प्रतिज्ञापत्र करायला गेले. वकिलांनी विचारलं, "यजमान नक्की नव्हते? इतक्या वर्षांचं आठवतं तुम्हाला?"

गुरुजी चिडले. "यजमान हजर असताना मी सुपारी मांडायला लावली असती, तर त्या बाईला दोन नवरे झाले असते. असलं पाप माझ्या हातून होणार न्हाई. लिहा."

वकिलांनी ते जसंच्या तसं लिहिलं. फोटो आणि प्रतिज्ञापत्र दिल्लीला गेलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. फोटो मिळाला. प्रतिज्ञापत्र मिळालं. कृपया सुपारीची साक्षांकित प्रत जोडावी.

मी सुपारी झेरॉक्स मशीनच्या काचेवर ठेवली आणि झाकण लावलं. झाकण बसलं नाही. कागदावर एक काळा गोल आला. वसंता वकिलांनी तो गोल पाहिला, सुपारी पाहिली, पुन्हा गोल पाहिला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ह्याची वरची बाजू कोणती?"

मी पेन्सिलीनं बाण काढून दिला. त्यांनी शिक्का मारला, 'मूळ पाहिली, प्रत बरोबर आहे', आणि सही केली. नियमात बसेल ते सगळं द्यावं म्हणून मी प्रयोगशाळेच्या काट्यावर वजन करून तेही लिहिलं: सहा ग्रॅम. सदतीस वर्षांत घट झाली असणार, अशी तळटीप जोडली. शास्त्रात तळटीप लागते.

डिसेंबरात निकालाचं पत्र आलं. आबांनी ते माझ्या हातून घेतलं आणि उभ्यानंच वाचलं. त्यात होतं: 'सदर दिवशी अर्जदार घरी नसून त्यांच्या जागी सुपारी (एक नग) होती, हे सिद्ध होत आहे. सबब रजेची नोंद रद्द करण्यात येते. एकतीस उड्डाणे ग्राह्य. पदक देय.'

आबांनी पत्र पुन्हा वाचलं. आणखी एकदा वाचलं. मग त्यांनी उड्डाणवही मागितली आणि चौदा तारखेचं पान काढलं.

"मुहूर्त किती वाजताचा होता?" त्यांनी आजीला विचारलं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं असावं.

"सव्वादहा," आजी म्हणाली. तिला आठवावं लागलं नाही.

आबांनी पानावर बोट फिरवलं. "दहा दहाला उचललं. बंगालचा पोरगा होता, हाताची बोटं काळी पडून गेल्ती. अर्धा रस्ता ओरडला, मंग शांत झाला. मला वाटलं, संपलं. दहा चाळीसला खाली टेकलो, तर डोळे उघडून चहा मागून राह्यला."

"मिळाला का?"

"दोन कप."

आजीनं मान हलवली. "मंग बराबर," ती म्हणाली. "सव्वादहाला मी म्हणलं, जिथं असतील तिथं नीट असू देत. सुपारीला म्हणलं. दुसरं कोण व्हतं?"

मी तुरीच्या शेंगा मोजणारी बाई आहे, मला पटकन काही होत नाही. पण त्या वेळी मी उगाच पत्राची घडी चारदा घातली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रजिस्टर पार्सल आलं. पोस्टमन संपतदादा म्हणाला, "सही आबांचीच लागंल." आबा शेतात होते. आजीनं शांतपणे करंडा आणला आणि सुपारी त्याच्यासमोर ठेवली.

"दिल्लीनं मान्य केलंय," ती म्हणाली.

संपतदादानं तिच्याकडं आदरानं पाहिलं. "काकू, मलाबी मान्य हाय. पण अंगठा कुठून घेऊ?" मग तो ओट्यावर बसला, चहा प्याला आणि आबा येईपर्यंत पार्सल मांडीवर धरून राहिला. त्याच्या पिशवीत गावाचं बाकी टपाल तसंच होतं. त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही. निम्मं गाव आमच्याच अंगणात होतं, बाजारातला वांगंवालासुद्धा.

पदक आजीनं लावलं. मोकळ्या जागेत ते असं बसलं की इकडं केसभर नाही, तिकडं केसभर नाही. वांगंवाल्यानं आधी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

लोक गेल्यावर आजी म्हणाली, "रजा रद्द झाली ना कागदावर?"

"झाली," आबा खुशीत म्हणाले.

"मंग ते बारा दिवस शिल्लकच ऱ्हायले की. काढा रजा."

आबा हसायला लागले. आजी हसली नाही. आबा हसायचे थांबले.

मी अर्ज लिहून दिला. विषय: १९८८ सालची राहिलेली रजा. आजीनं मंजूर करून सही केली. पंधरा ते सव्वीस जानेवारी, बारा दिवस बराबर. या काळात आबांनी शेतात जायचं नाही, विहिरीवरची मोटार चालू करायची नाही, कुणाच्या भांडणात पडायचं नाही. अंगणात आजीशेजारी बसायचं, बस्स. ते बसले. तुरीच्या हिरव्या शेंगा सोलल्या. आजी सदतीस वर्षांचं बोलत होती आणि आबा "हां, बराबर" म्हणत होते. चौथ्या दिवशी "बराबर" चुकीच्या जागी पडलं, तेव्हा आजीनं मागचं सगळं पुन्हा सांगितलं.

पंचवीस तारखेला शाळेच्या मुख्याध्यापिका भावना मॅडम आल्या. "आबा, उद्या झेंडा तुमच्या हातून. पोरं नवीन मेडल बघायला थांबून राह्यलीत. ती बटणवाली तर रोज विचारते."

आजीनं शेंग सोलता सोलता उत्तर दिलं, "साहेब रजेवर हैत."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी रजेचा अर्ज दाखवला. अर्ज नियमात होता.

आबा खुंटीवरच्या कोटाकडं बघत राहिले. उड्डाणाची परवानगी मागून खुर्चीत पट्टा बांधून बसलेला माणूस जसा बसत असेल, तसे बसले होते.

आजीनं शेवटची शेंग सोलली, हात झटकले.

"एक तास," ती म्हणाली. "मीबी येणार. आन् घर राखायला ही बसंल." तिनं करंड्यातून सुपारी काढली आणि आबांच्या पाटावर मधोमध ठेवली. मग आबांकडं वळली. "पण ह्या टायमाला रजा रद्द झाल्याचा कागद आधी. मंग झेंडा."

मी लिहिलं. 'दिनांक २६ जानेवारी रोजी सकाळी एक तासापुरती रजा रद्द. कारण: झेंडा.' आजीनं सही केली, मॅडमनी साक्षीदार म्हणून केली. आबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात, नव्या पदकाच्या बरोबर मागे, ठेवायला निघाले.

"थांबा," आजी म्हणाली. "शीतल, दोन प्रती काढ. एक दिल्लीला पाठव."