ऐंशी चौकोनांचा क्रम

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे एका म्हातारीशी टाचण्यांवरून कशी भांडलीस असं कोणी विचारायला नको. भांडले. आणि चूक माझी होती.

आमच्या चर्चच्या तळघरात दर बुधवारी आम्ही बायका गोधड्या शिवायला जमतो. सेल्मामावशी आमच्यातली सगळ्यांत वडील, चौऱ्याऐंशी वर्षांची. त्या हिवाळ्यात तिने घरी बसून फूटभराचे ऐंशी चौकोन हाताने जोडले, प्रत्येक निरनिराळ्या जुन्या कापडांचा. जून महिन्यात ते घेऊन आली आणि तळघराच्या फरशीवर मांडायला लागली. एका ओळीत आठ, अशा दहा ओळी. गुडघ्यांवर रांगत, कोणालाही हात लावू न देता. आम्ही कॉफी पीत बघत होतो.

मांडून झाल्यावर तिने मला बोलावलं. तिची मुलगी ग्लॅडिस अकरा दिवसांनी, रविवारी, तिला कायमची पार पश्चिम किनाऱ्याला, ओरेगनला न्यायला येणार होती. डोळे अधू झालेत, एकटं राहणं आता पुरे, असं ग्लॅडिसचं म्हणणं. त्याआधी गोधडीची वरची बाजू मशीनवर जोडून हवी होती. अस्तर तिकडे लावता आलं असतं.

"मी मांडलंय तस्संच हवं, एल्डा," ती म्हणाली. "एकही इकडचा तिकडे नको. आणि प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी टाच. पेन्सिलने आकडा घाल."

मी मनात म्हटलं, झालं सुरू. टाचण्या बोटांत घुसतात, चिठ्ठ्या सुईखाली येऊन फाटतात. माझी नणंद व्हेर्ना नुकतीच शहरातून एक जांभळं पेन घेऊन आली होती. कापडावर लिहायचं, धुवायची गरज नाही, डाग आपोआप जातो. मी मावशीला म्हटलं, तुमच्या चिठ्ठ्यांचे दिवस गेले. ती म्हणाली, कागद कुठे पळून जात नाही. मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षं शिवतेय मी, मला शिकवू नका. शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच निघालं, कारण सगळ्या बायका एकदम कॉफीत बघायला लागल्या.

तिची मांडणीही मला खटकत होती, ते वेगळंच. रंगांचा काही मेळ नव्हता. गडद तपकिरीशेजारी पिवळं, त्याखाली दोन निळे लागोपाठ. शिवाय प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात कॉर्डरॉयचा छोटा खरखरीत तुकडा होता, तो कुठे डावीकडे वर, तर कुठे उजवीकडे खाली. सगळे एका दिशेला फिरवून शिवावेत असं माझ्या मनात येऊन गेलं. देवाची कृपा की नुसतं मनातच आलं.

ती घरी गेल्यावर मी ऐंशी चौकोनांच्या मागे जांभळे आकडे घातले. मग जाड कापडाचे वेगळे केले, पातळ वेगळे, कारण इस्त्रीचा ताव दोघांना निराळा लागतो. आकडे होतेच, क्रमाची काळजी कशाला. दुसऱ्या दिवशी गव्हाची कापणी सुरू झाली. दोन दिवस मी गड्यांसाठी शेतावर जेवणाचे डबे पोचवत होते, शिवणाकडे बघायला फुरसत नव्हती.

शनिवारी सकाळी इस्त्री तापत ठेवली आणि पहिला चौकोन उलटा केला. कोरा. दुसरा कोरा. मी चष्मा पुसला. खिडकीशी नेऊन बघितलं. ऐंशीच्या ऐंशी कोरे. व्हेर्नाला फोन केला तर ती शांतपणे म्हणते, अगं ते दोन दिवसांत उडतंच, त्यासाठीच तर घेतात. मी फोन आपटला. तिचा काय दोष, पण मी आपटला.

तासभर मी टेबलावर चौकोन मांडत बसले. आठवेना. कोणत्या पिवळ्याशेजारी कोणता तपकिरी, कुठला कोपरा वर. फोटो काढायचं सुचलं नव्हतं. शेवटी सगळे टोपलीत भरले आणि गाडी काढली. वाटेत दोनदा वाटलं की कसेही जोडून द्यावेत, अधू डोळ्यांना काय कळणार आहे. असं मला वाटलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदाच सांगतेय.

सेल्मामावशी स्वयंपाकघरात बसली होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. रागावेल असं वाटलं होतं, पण ती घाबरली होती, आणि ते मला जास्त लागलं.

"दार लाव," ती म्हणाली. "आणि ग्लॅडिसला यातलं काही कळवायचं नाही, नाहीतर ती आजच मला उचलून नेईल. मला दिसत नाही, एल्डा. अंधुकबिंधुक काही नाही. ख्रिसमसपासून काहीच दिसत नाही. खिडकी कुठाय तेवढं कळतं."

मी दार लावलं. त्या दिवशी तळघरात, आम्हा सगळ्यांसमोर, या बाईने न बघता ऐंशी चौकोन मांडले होते. घरून क्रमाने रचून आणलेली चवड होती, वरून एकेक घेत फरशीच्या कडेने हात चालवत गेली होती. आणि मी तिच्या रंगांना नावं ठेवत बसले होते.

"मग हा क्रम कसला होता?" मी विचारलं.

तिने हात पुढे केला. मी एक चौकोन दिला. तिने तो बोटांत चुरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे उनरुहांचं शेत. हे त्यांच्या थोरल्याच्या कामाच्या विजारीचं कापड. कॉर्डरॉय कुठंय, वर डावीकडे ना? त्यांचं घर त्याच कोपऱ्यात."

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडचे रस्ते सरळ, मैलामैलावर एकमेकांना छेदत गेलेले, मधे चौरस शेतं. तिने आठ मैल रुंद आणि दहा मैल लांब असा आमचा सगळा मुलूख फरशीवर मांडला होता. प्रत्येक चौकोनात त्या त्या घरची कापडं, पन्नास-साठ वर्षं मागून आणलेली, बदल्यात मिळालेली, मयताच्या घरून दिलेली. शिवणी म्हणजे रस्ते. खरखरीत तुकडा म्हणजे घर. लागोपाठचे दोन निळे म्हणजे आमचा ओढा.

"तिकडे ग्लॅडिसच्या घरी मला संडाससुद्धा कुठंय ते ठाऊक नाही," ती म्हणाली. "इथलं मात्र सगळं ठाऊक आहे. ते बोटाखाली असलं की मी जाईन गुमान. पण एक जरी चौकोन चुकला ना, तर मी माझ्याच रस्त्यावर वाट चुकेन."

आम्ही बसलो. मी जमिनीवर, ती खुर्चीवर. मी एकेक चौकोन देई, ती चाचपून नाव सांगे आणि मी जागेवर ठेवी. लोकर, फ्लॅनेल, मांजरपाट, चर्चचा जुना पडदा, एकाही ठिकाणी ती अडखळली नाही. साठेक झाले. मग राहिले पिठाच्या पोत्यांच्या छापील सुती कापडाचे वीस; पूर्वी पीठ अशा पोत्यांतून यायचं आणि बायका त्यांचे फ्रॉक, पडदे शिवायच्या. हे वीस तिने ख्रिसमसच्या आधी, दिसत होतं तेव्हाच जोडले होते. ते बोटांना सगळे सारखेच. ती एक घेई, पुन्हा पुन्हा चोळी, मान हलवी. शेवटी तिने तो मांडीवर टाकला.

"मावशी, माझे डोळे आहेत," मी म्हटलं. "मी सांगते, तुम्ही ओळखा."

मग मी सांगत गेले. पांढऱ्यावर बारीक चेरी. ती म्हणाली, व्होथांची धाकटी, शाळेचा पहिला दिवस, फ्रॉक मोठा होता म्हणून रडली होती. हिरव्यावर पिवळे पक्षी. गोअरिंगांच्या परसाकडच्या खिडकीचे पडदे, वादळात छप्पर उडालं तेव्हा तेवढे मागे राहिले होते. जांभळी फुलं, मधे करडा ठिपका. यावर तिने ते कापड परत चाचपलं, आणि मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "पानं आहेत का फुलांना?" नव्हती. "मग रॅत्झलाफबाईचं. पानंवालं तिच्या जावेचं." मी साठ वर्षं याच गावात राहतेय. यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. 

संध्याकाळी पाच वाजता ऐंशी पुरे झाले. मी प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी टाचली, पेन्सिलने आकडा घातला. बोटांतून रक्त आलं तरी तोंडातून शब्द काढला नाही. शिवतानाही दोरा तोडला नाही. एक जोडी झाली की त्याच दोऱ्यावर पुढची, म्हणजे सगळे चौकोन एकमेकांना धरून राहतात, हलायचं म्हटलं तरी हलता येत नाही. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. नवऱ्याने बिचाऱ्याने शिळंपाकं खाऊन दिवस काढले.

शुक्रवारी दुपारी ते सगळं तिच्या जेवणाच्या टेबलावर पसरलं. उत्तर कुठे ते तिला हात धरून दाखवलं. 

तिने आपलं घर शोधलं, चौथ्या ओळीतलं. उजव्या हाताचं बोट तिथून शिवणीवर आणलं आणि निघाली. पुटपुटत होती. उनरुहांचं फाटक. आता ओढा. पूल. बोट पुलावर जरा हळू झालं, खरोखरच तिथे सगळ्यांच्या गाड्या हळू होतात. डावीकडे वळली. चर्चपाशी थांबली, परत फिरली, शाळेवरून गेली. एकदाही चुकली नाही.  एवढासा सुरकुतलेला हात आमचा सगळा मुलूख ओलांडत होता, आणि मला डोळे असून तो कधी असा दिसला नव्हता.

मग बोट दक्षिणेला आलं, दोन मैल सरळ, आणि एका कोपऱ्यातल्या खरखरीत तुकड्यावर थांबलं. तिथं तिने बोटाच्या पेराने दोनदा ठकठक केलं.

"हे तुझं," ती म्हणाली. "दार वाजवलं, कोणी उघडत नाही."

"मी इथं आहे ना, मावशी."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "तिकडून वाजवेन तेव्हा मात्र घरी राहा."