कार्ड बसेना

हौसरावांनी मोबाइल खांदा नि कानाच्या मध्ये दाबला, ग्राफिक्स कार्ड खाचेवर धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी रेटलं.

"कडेचा चाप वाजला का, आबा?" बंगळुरूहून ज्ञानेश विचारत होता.

"न्हाई रं. पडदा काळाच हाय."

"म्हणजे पूर्ण बसलं नाही. उद्या जेवायच्या सुट्टीत परत करतो फोन."

दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर म्हणून हौसरावांचा उभा जन्म गेला होता. इंजिनं खोलून जोडणाऱ्या माणसाला वीतभर कार्ड बसेना, म्हणजे शोभाच की! नोकरीला जाताना ज्ञानेशनं हा बसक्या डब्याचा कॉम्प्युटर घरीच ठेवला होता. सिनेमा लावला की चित्र अडखळायचं, म्हणून त्यानं डब्यात मावेल असं बुटकं कार्ड कुरिअरनं पाठवलं. तुमचा वेळ जाईल, म्हणाला.

वेळ गेला खरा, पण तो कार्ड न बसल्यामुळं. बायको अंजना वारल्यापासून पोराचा फोन महिन्यातून एकदा यायचा आणि तब्येत विचारून दोन मिनिटांत संपायचा. आता आठ दिवस रोज दीड वाजता येत होता. कधी केबल बदलायची, कधी मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं पुसायची. मधेच पोरगं विचारायचं, "जेवलात का? काय केलं होतं?" हौसराव दीडच्या आत भाकरी उरकून, चष्मा पुसून तयार बसू लागले.

दुसऱ्या दिवशी फोन यायच्या आधीच त्यांनी कार्ड उपसलं आणि बॅटरीच्या उजेडात खाच नीट पाहिली. तळाशी काहीतरी लालसर अडकलं होतं. सुईनं उचकटलं, तर तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

खंडेनवमीला त्यांचे पाने-हातोडे पाटावर मांडले की अंजना हा डबाही मधोमध आडवा ठेवायची. "माझ्या ज्ञानूचं हत्यार हाय ते," म्हणायची आणि वरच्या जाळीवर मूठभर अक्षता टाकायची. मूठ सैलच होती तिची. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून घरात हत्यारांची पूजा नव्हती.

त्यांनी कार्ड दाबलं. चाप खट्कन वाजला. बटण दाबताच पडदा लख्ख उजळला आणि तेवढ्यात फोन आला.

"काय झालं, आबा?"

हौसराव पडद्याकडं बघत राहिले.

"काळाच हाय," ते म्हणाले. "माझी नजर पुरंना बाबा आता."



"बरं. शनिवारची गाडी पकडतो. रविवारी मीच उघडून बघतो. तुम्ही आता हात लावू नका."

"न्हाई लावत."

फोन ठेवून त्यांनी प्लग काढला आणि कार्ड पुन्हा बाहेर घेतलं. तळहातावरचा दाणा क्षणभर निरखला. मग सुईच्या टोकानं, जिथून काढला होता तिथंच, अलगद बसवला. कार्ड वर नुसतं टेकवून झाकण लावलं.

रविवारी ज्ञानूला उजेड कमी पडायला नको, म्हणून पायात चप्पल सरकवून ते बॅटरीचे सेल आणायला निघाले.