थोरलीच्या नावावर धाकटीचं रक्त

ते साल होतं दोन हजार दहा. रक्तातले विषाणू मोजायची तपासणी तेव्हा आजच्यासारखी सर्रास होत नसे. नंबर लागला की माणसं हातातलं काम टाकून धावायची.

शिवणकाम करणाऱ्या थोरलीचा नंबर लागला, पण ती मशीनवरून उठेना. तिला एचआयव्हीची लागण होती, नवरा मात्र निरोगी होता. "विषाणू मोजण्याइतकेही सापडले नाहीत, तर बाळाचा विचार करा," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मुलासाठी तिचा जीव तुटत होता. पण सासूबाई दोन महिने राहायला आल्या होत्या आणि त्यांना आजाराचा पत्ता नव्हता. त्यांच्यादेखत गोळ्या घ्यायच्या कशा? थोरलीने निम्म्याअधिक बुडवल्या होत्या.

"मी जाते तुझ्याऐवजी," धाकटी बहीण म्हणाली. "मला कसलाच आजार नाही. साफ येईल सगळं."

"वेडी आहेस का गं?"

"आहेच. म्हणून तर फुकट टोचून घेतेय."

रक्त घेणारा माणूस नवा होता. त्याने थोरलीचं नाव पुकारलं, धाकटीने हात पुढे केला. झालं.

अहवालाच्या दिवशी दोघी बाईंसमोर बसल्या. बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

"विषाणू सापडले नाहीत."

थोरलीने श्वास सोडला.

"आणि आजाराशी लढणाऱ्या पेशी, सीडी-फोर, अकराशे चाळीस." बाईंनी चष्मा काढला. "मागच्या खेपेला एकशे नव्वद होत्या. सहा महिन्यांत एवढ्या?"

"हल्ली चांगली जेवते हो ती," धाकटी घाईघाईने म्हणाली आणि टेबलाखालून थोरलीला पायाने डिवचलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या थोरलीला म्हणाल्या, "हे रक्त तुझं असेल, तर आजपासून मोकळी आहेस. नसेल, तर नवऱ्याला धोका आहे, बाळालाही. कुणाचं आहे?"

थोरलीला 'माझं' एवढंच म्हणायचं होतं. नवरा बाहेर बाकावर बसला होता. दाराच्या फटीतून त्याची चप्पल दिसत होती.

"हिचं आहे," ती म्हणाली आणि बाही वर सारली.

खऱ्या रक्तात विषाणू अडतीस हजार निघाले, पेशी दीडशे. हा अहवाल आला त्याच संध्याकाळी थोरलीने सासूबाईंसमोर गोळी घेतली आणि कशाची तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या सामान बांधून दुसऱ्या मुलाकडे गेल्या.

रक्त घेणाऱ्याला चांगलाच ओरडा बसला. पुढे तो त्या कामात मुरला. बाई निवृत्त झाल्या. धाकटी लग्न होऊन लांब गेली, आणि अजूनही "माझे पेशींचे मार्क बघा" म्हणून फुशारकी मारते. थोरलीला तीन वर्षांनी मुलगी झाली, निरोगी. नवराही निरोगीच राहिला. सासूबाई नातीला बघायला आल्या, तिला मांडीवरून उतरवेनात. सुनेच्या हातचं पाणी मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.